डॉ. सॅम्युएल ग्रिडली हाउ : जनांत राहण्याचा हक्क

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन समाजसुधारक डॉ. सॅम्युएल ग्रिडली हाउ (१८०१–१८७६) ह्यांचे नाव वाङ्मयाच्या अभ्यासकांना सहसा दोन आडवाटांनी भेटते. चार्ल्स डिकन्स १८४२ साली अमेरिकेत आला असता त्याने बॉस्टन येथील अंधशाळेला भेट दिली आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘अमेरिकन नोट्स’ ह्या प्रवासवर्णनात तेथील लॉरा ब्रिजमन ह्या अंध-बधिर मुलीची हकीकत विस्ताराने दिली. ती शाळा हाउ चालवीत असत आणि लॉराला भाषेचे दार उघडून दिले ते त्यांनीच. दुसरी वाट त्यांच्या पत्नीची आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात उत्तरेच्या पक्षाचे स्फूर्तिगीत ठरलेल्या ‘बॅटल हिम ऑफ द रिपब्लिक’ ह्या कवितेच्या कर्त्या ज्यूलिया वॉर्ड हाउ ह्या त्यांच्या पत्नी होत.

हाउंच्या कार्याचा एक तिसरा भाग मात्र ह्या दोन्ही वाटांवरून दिसत नाही. ज्यांच्या बुद्धीची वाढ बालपणापासूनच मंदावली आहे, त्यांना त्या काळी इंग्रजीत जडबुद्धी ह्या अर्थाचे कठोर शब्द लावीत. मराठीत पुढे मतिमंद हा शब्द रूढ झाला आणि आज बौद्धिक किंवा विकासात्मक अपंगत्व असे म्हटले जाते. अशा मुलांसाठी सरकारी खर्चाने चालणारी अमेरिकेतील पहिली शाळा हाउंनी १८४८ साली सुरू केली. पुढे अशा संस्थांना बहर येऊ लागला, तेव्हा ह्या माणसांना समाजापासून तोडून एकत्र कोंडू नका, असा इशारा देणाऱ्यांतही हाउच अग्रभागी होते. संस्था उभारणाऱ्यानेच संस्थेच्या मर्यादा सांगाव्यात, हा योग विरळा. परंतु हाउंचे चरित्र केवळ द्रष्टेपणाची कथा नव्हे. व्यंग असलेल्या माणसाने कोठे राहावे, ह्या प्रश्नाचे उत्तर त्यांना लवकर सापडले; त्याने कसे जगावे हे कोणी ठरवायचे, ह्या प्रश्नापाशी मात्र ते वारंवार अडखळले. त्यांच्या यशापयशाचा अर्थ ह्या दोन प्रश्नांमधील अंतरात आहे.

१० नोव्हेंबर १८०१ रोजी बॉस्टन येथे हाउंचा जन्म झाला. वडिलांचा दोरखंड तयार करण्याचा व्यवसाय होता. १८२१ मध्ये ब्राउन विद्यापीठाची पदवी आणि १८२४ मध्ये हार्व्हर्डची वैद्यकीय पदवी घेतल्यावर तरुण हाउंनी बॉस्टनमध्ये दवाखाना थाटला नाही. तुर्की सत्तेविरुद्ध ग्रीसचे स्वातंत्र्ययुद्ध चालू होते आणि बायरनच्या बलिदानाने युरोप-अमेरिकेतील तरुण भारावून गेले होते. हाउ शल्यवैद्य म्हणून ग्रीक सैन्यात दाखल झाले. युद्धाची हकीकत सांगणारा त्यांचा ग्रंथ १८२८ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेत फिरून त्यांनी ग्रीक निर्वासितांसाठी मदत गोळा केली आणि ती घेऊन ते पुन्हा ग्रीसला गेले. तेथे त्यांनी केलेली एक गोष्ट त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा दाखविते. धान्य नुसते वाटून टाकण्याऐवजी त्यांनी एजायना बेटावर बंदराचा धक्का बांधण्याचे काम काढले आणि निर्वासितांना मजुरीच्या रूपाने ते धान्य दिले. दान घेणाऱ्याचा हात नेहमी खालीच राहतो, काम करणाऱ्याचा राहत नाही, हे सूत्र त्यांनी नंतर कधीही सोडले नाही.

१८३१ मध्ये बॉस्टनच्या नियोजित अंधशाळेची जबाबदारी त्यांनी स्वीकारली आणि युरोपातील अंधशाळा पाहण्यासाठी ते पुन्हा समुद्र ओलांडून गेले. पॅरिसमध्ये पोलंडच्या बंडखोरांसाठी जमलेला निधी निर्वासित पोलिश सैनिकांपर्यंत पोहोचविण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. परिणामी बर्लिनमध्ये त्यांना काही आठवडे तुरुंगवास घडला. सुटका होऊन परतल्यावर १८३२ मध्ये वडिलांच्याच घरात मोजकी मुले घेऊन त्यांनी शाळा सुरू केली. पुढे टॉमस हँडसिड पर्किन्स ह्या धनिक व्यापाऱ्याने आपले राहते घर शाळेला दिले आणि शाळेला त्याचे नाव मिळाले.

पर्किन्स शाळेत हाउंनी एक गोष्ट प्रारंभापासून ठामपणे मांडली. अंध मूल हे दयेचा विषय नसून शिक्षणाचा विषय आहे, आणि शाळेतून बाहेर पडल्यावर त्याने आपल्या गावात, आपल्या माणसांत, स्वतःच्या कमाईवर राहावे. वाचन, गणित, संगीत आणि हस्तव्यवसाय ह्यांचे शिक्षण त्याच हेतूने दिले जाई. शाळा हे मुक्कामाचे ठिकाण नव्हे, पुढे निघण्याचे ठिकाण होते.

१८३७ च्या ऑक्टोबरमध्ये लॉरा ब्रिजमन शाळेत आली, तेव्हा ती आठ वर्षांचीही नव्हती. न्यू हॅम्पशर राज्यातील हॅनोव्हरजवळच्या एका शेतकरी कुटुंबातील ही मुलगी दोन वर्षांची असताना तापाच्या साथीत सापडली आणि तिची दृष्टी व श्रवणशक्ती गेली. वास व रुची ह्यांची जाणीवही बोथट झाली. हाउंनी चमचा, किल्ली अशा नित्याच्या वस्तूंवर उठावदार अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवून आरंभ केला. पुढे अक्षरे सुटी केली, आणि शेवटी तळहातावर बोटांनी अक्षरे उमटविण्याची लिपी तिला दिली. वस्तूला नाव असते हे ज्या क्षणी त्या मुलीला उमगले, त्या क्षणापासून ती प्रश्न विचारू लागली. अंध-बधिर व्यक्तीने भाषा संपादन केल्याची ही घटना डिकन्सच्या लेखणीमुळे जगभर पोहोचली. पुढे हेलन केलरच्या आईने तीच हकीकत वाचली आणि त्यातूनच आपल्या मुलीसाठी शिक्षक शोधण्याचा प्रयत्न सुरू झाला. ज्या अ‍ॅन सलिव्हन १८८७ मध्ये हेलनकडे गेल्या, त्या पर्किन्स शाळेतच शिकल्या होत्या आणि बोटांची लिपी त्यांनी प्रौढ लॉराच्या सहवासात आत्मसात केली होती.

ह्या यशामुळे हाउंचे लक्ष दुसऱ्या एका वर्गाकडे वळले. पर्किन्स शाळेत आलेल्या काही अंध मुलांच्या बुद्धीची वाढही खुंटलेली होती आणि तरी नेटाने शिकविल्यास ती सुधारत, असा त्यांचा अनुभव होता. फ्रान्समध्ये इतार ह्यांच्या प्रयोगांचा वारसा घेऊन एद्वार सेगँ ह्यांनी अशा मुलांसाठी इंद्रियशिक्षणाची पद्धत सिद्ध केली होती. १८४६ मध्ये मॅसॅच्यूसेट्स राज्याच्या विधिमंडळाने ह्या प्रश्नाच्या चौकशीसाठी आयोग नेमला आणि त्याची धुरा हाउंकडे आली. तोवर अशी माणसे कोठे होती? काही घराच्या मागच्या खोलीत, काही तुरुंगात, आणि बरीचशी गावोगावच्या अनाथगृहांत व दरिद्रीगृहांत. गावावर भार असलेल्यांना कमीत कमी खर्चात सांभाळण्याची तयारी दाखविणाऱ्याच्या हवाली करण्याची प्रथाही होती. आयोगाने ५७४ व्यक्तींची तपासणी केली आणि १८४८ च्या प्रारंभी अहवाल सादर केला. जे मूल शिकूच शकत नाही असे मानले जाते, तेही काही ना काही शिकू शकते, आणि लोकशाही राज्यात सार्वजनिक शिक्षणाचा हक्क त्यालाही आहे, हे त्या अहवालाचे सार होते. विधिमंडळाने दहा गरीब मुलांच्या शिक्षणासाठी तीन वर्षेपर्यंत दरसाल २,५०० डॉलर मंजूर केले आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये पर्किन्स शाळेच्याच इमारतीत प्रायोगिक वर्ग सुरू झाला. जेम्स रिचर्ड्स हे त्याचे पहिले शिक्षक होते. पुढे अमेरिकेत आलेल्या सेगँ ह्यांनीही तेथे काही काळ साहाय्य केले.

ह्या शाळेतील अभ्यासक्रमाला अक्षरओळखीपासून सुरुवात होत नसे. उभे राहणे, जिना चढणे, चमच्याने जेवणे, गुंडी लावणे, हाक मारली असता वळून पाहणे, आपल्याला काय हवे ते खुणेने वा शब्दाने सांगणे, हे पहिले धडे. बाहेरून पाहणाऱ्याला हा क्षुल्लक लाभ वाटे. परंतु ज्याला दुसऱ्याने भरविल्याशिवाय घास मिळत नव्हता, त्याला स्वतःच्या हाताने जेवता येणे म्हणजे स्वतःच्या जीवनावरील पहिली मालकी होय. हाउंचा आग्रह होता की ही संस्था सार्वजनिक शिक्षणव्यवस्थेचीच एक शाखा राहावी. मूल यावे, शिकावे आणि घरी परतावे. आयुष्यभर ठेवून घेण्याचे आश्रयस्थान तिचे होऊ नये.

त्याच अहवालात मात्र पुढील अनर्थाचे एक बीजही होते. हाउ हे मस्तकसामुद्रिकावर, म्हणजे कवटीच्या आकारावरून मनाच्या शक्ती ओळखू पाहणाऱ्या त्या काळच्या शास्त्रावर, विश्वास ठेवणारे होते. बुद्धिमांद्याचे कारण आईबापांनी केलेल्या निसर्गनियमांच्या उल्लंघनात, विशेषतः मद्यपानात, शोधावे, असे त्यांनी प्रतिपादिले. मुलाला त्यांनी दोषमुक्त केले, पण घराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. ज्या कुटुंबांकडे मूल परत जायचे, त्याच कुटुंबांवर असा कलंक लागला, आणि पुढील पिढीतील वंशशुद्धिवाद्यांना हाच विचार वेगळ्या हेतूने वापरणे सोपे गेले.

१८५० नंतरचे दशक हाउंच्या आयुष्यात गुलामगिरीविरोधी चळवळीचे ठरले. जॉन ब्राउनला गुप्तपणे साहाय्य करणाऱ्या सहा जणांत ते होते. १८५९ मध्ये हार्पर्स फेरीचा उठाव फसल्यावर आपल्याला त्याची पूर्वकल्पना नव्हती असे त्यांनी जाहीर केले आणि काही काळ ते कॅनडात जाऊन राहिले. हा त्यांच्या चरित्रातील दुर्बळ क्षण होय. १८६३ मध्ये मुक्त झालेल्या गुलामांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या तीन सदस्यांच्या आयोगात त्यांची नियुक्ती झाली. कॅनडात पळून गेलेल्या गुलामांच्या वस्त्या त्यांनी पाहिल्या आणि १८६४ मध्ये त्यांवरील अहवाल प्रसिद्ध केला. वंशाविषयीच्या तत्कालीन पूर्वग्रहांतून ते मुक्त नव्हते. तरीही ह्या लोकांना पालकाची गरज नसून मोकळीक व न्याय्य संधी ह्यांची गरज आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

१८६५ मध्ये ते मॅसॅच्यूसेट्सच्या धर्मादाय मंडळाचे अध्यक्ष झाले आणि १८७४ पर्यंत त्या पदावर राहिले. राज्यभरातील आश्रयगृहे, वेड्यांची इस्पितळे व सुधारगृहे त्यांच्या नजरेखालून गेली. ह्या अनुभवातून त्यांचा विचार पक्व झाला. एकाच प्रकारचे व्यंग असलेली माणसे एका छपराखाली जमविली की ते व्यंगच त्यांच्या जीवनाचा केंद्रबिंदू बनते. म्हणून त्यांना एकत्र आणण्याऐवजी सर्वसाधारण समाजात विखरून राहू द्यावे, हे तत्त्व त्यांनी मंडळाच्या अहवालांतून मांडले.

६ सप्टेंबर १८६६ रोजी न्यूयॉर्क राज्यातील बटेव्हिया येथे नव्या अंधशाळेची कोनशिला बसविण्याचा समारंभ झाला आणि प्रमुख वक्ते म्हणून हाउंना पाचारण करण्यात आले. अशा प्रसंगी अपेक्षा असते ती अभिनंदनाची. हाउंनी आपल्या यजमानांना सांगितले की अशा संस्था स्वभावतःच कृत्रिम असतात. त्या शक्य तितक्या थोड्या असाव्यात, शक्य तितक्या लहान असाव्यात, आणि ज्याला कुटुंबात राहून सर्वांच्या शाळेत शिकता येईल त्याला तेथेच शिकू द्यावे. चौतीस वर्षे अशीच संस्था चालविलेल्या माणसाचे हे बोल होते, त्यामुळे त्यांना विरोधकाच्या टीकेपेक्षा अधिक वजन होते. त्यांनी आपल्या संस्थेतही ह्याला अनुसरून बदल केला. १८७० मध्ये पर्किन्स शाळेतील मुलींसाठी मोठ्या वसतिगृहाऐवजी लहान घरे बांधण्यात आली आणि त्यांत कुटुंबाच्या धर्तीवर राहण्याची व्यवस्था करण्यात आली.

हे तत्त्व जितके उदार, तितकीच ते लागू करण्याची हाउंची रीत एककल्ली होती. अंधांसाठी त्यांनी १८३५ च्या सुमारास रोमन अक्षरांवर आधारलेली उठावाची लिपी तयार केली. डोळसांनाही ती वाचता यावी आणि अंधांची लिपी निराळी पडून ते समाजापासून दुरावू नयेत, हा त्यामागील हेतू होता. ब्रेलची ठिपक्यांची लिपी तोवर प्रकाशात आली होती, परंतु ती वेगळेपणा वाढवील म्हणून हाउंनी तिचा पुरस्कार केला नाही. बोटांना मात्र रेषांपेक्षा ठिपके सुलभ जात, आणि ठिपके अंधांना स्वतः लिहिताही येत. हाउंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १८७८ मध्ये, पर्किन्स शाळेतीलच जोएल स्मिथ ह्या अंध शिक्षकाने ठिपक्यांची सुधारित लिपी सिद्ध केली. लिपी कोणती सोयीची, हे अखेर वाचणाऱ्या बोटांनीच ठरविले. बधिरांच्या बाबतीतही असेच झाले. त्यांनी ऐकणाऱ्यांत मिसळावे म्हणून हाउ व त्यांचे स्नेही होरेस मॅन ह्यांनी खुणांच्या भाषेऐवजी ओठांच्या भाषेचा पाठपुरावा केला. ज्या भाषेत बधिर माणसे आपापसांत मोकळेपणाने बोलत, ती सोडण्यास सांगताना त्यांना काय वाटते हे कोणी विचारले नाही.

लॉराच्या धर्मशिक्षणाचीही कथा तशीच आहे. कोणत्याही पंथाचे संस्कार न होता तिच्या मनात ईश्वरकल्पना आपोआप उमलते काय, हे हाउंना पाहावयाचे होते. १८४३ मध्ये विवाहानंतर ते युरोपच्या प्रवासाला गेले असता तिच्याभोवतीच्या लोकांनी तिला रूढ ख्रिस्ती धर्माची शिकवण दिली, आणि परतल्यावर हाउ अत्यंत नाराज झाले. पुढे लॉराने आपल्या कुटुंबाचा बाप्टिस्ट पंथ स्वीकारला. गुरूचा प्रयोग फसला, परंतु शिष्येने स्वतःचा निर्णय घेतला. घरातही हाउंचा स्वभाव वेगळा नव्हता. पत्नीने जाहीर जीवनात वावरणे त्यांना रुचत नसे, आणि १८५४ मध्ये ज्यूलियांचा ‘पॅशन फ्लॉवर्स’ हा कवितासंग्रह निनावी प्रसिद्ध झाला तेव्हा त्यावरून उभयतांत तीव्र कलह झाला. ग्रीकांच्या आणि गुलामांच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या ह्या पुरुषाला जवळच्या माणसाचे स्वातंत्र्य मात्र सहजासहजी मानवत नसे.

हाउंच्या तत्त्वाची खरी कसोटी लागली ती लॉराच्याच प्रौढपणी. शिक्षण संपल्यावर, त्यांच्याच नियमाप्रमाणे, ती हॅनोव्हरला आपल्या घरी परतली. घर होते, आईवडील होते, प्रेमही होते. परंतु शेतीच्या कामांत गुंतलेल्या त्या घरात दिवसभर तिच्या तळहातावर बोटांनी बोलणारे कोणी नव्हते. माणसांच्या मध्यभागी ती एकाकी पडली, खंगत गेली, आणि तिला पुन्हा बॉस्टनला आणावे लागले. डॉरोथिया डिक्स ह्यांच्या प्रयत्नांनी तिच्या निर्वाहासाठी निधी जमला; घरी ती अधूनमधून जात राहिली, पण १८८९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिचे वास्तव्य पर्किन्स शाळेतच होते. ह्यावरून हाउंचे तत्त्व खोटे ठरत नाही, त्यातील उणीव तेवढी दिसते. ज्यांच्याशी बोलता येते, ज्यांना आपली गरज वाटते, अशी माणसे जेथे असतात तोच खरा समाज. केवळ घरी पाठविणे म्हणजे समाजात राहू देणे नव्हे. घरी जाऊन मदत करणारी माणसे आणि साधने नसतील, तर घरही कोठडी होऊ शकते.

९ जानेवारी १८७६ रोजी बॉस्टन येथे हाउंचे निधन झाले. त्यांच्या इशाऱ्याकडे पुढील पिढीने पाठ फिरविली. त्यांनी काढलेली शाळा पुढे वॉल्थम येथील विस्तीर्ण आवारात गेली. वंशशुद्धिवादाच्या लाटेत शिक्षण मागे पडले आणि आजन्म बंदिवास पुढे आला. १९२५ मध्ये तिला दीर्घकाळचे अधीक्षक वॉल्टर फर्नाल्ड ह्यांचे नाव देण्यात आले. दहा मुलांनी सुरू झालेल्या संस्थेत विसाव्या शतकाच्या मध्यास दोन हजारांहून अधिक माणसे दाटीने राहत होती. १९४० नंतरच्या काळात तेथील मुलांना, त्यांना वा त्यांच्या पालकांना खरे काय ते न सांगता, किरणोत्सर्गी द्रव्य मिसळलेले अन्न देऊन पोषणविषयक प्रयोग करण्यात आले. हाउंना ज्याची भीती वाटत होती त्याहूनही हे भयंकर होते.

उत्तर मिळाले ते एका शतकाने, आणि ते ह्या माणसांच्या स्वतःच्या तोंडून. १९७४ मध्ये ऑरेगन राज्यात बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींनीच एकत्र येऊन आपली संघटना स्थापिली आणि आम्ही आधी माणसे आहोत, हा आशय तिच्या नावातच गोवला. १९९९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अपंगांना अकारण संस्थेत ठेवणे हा भेदभाव ठरविला. तो दावाही संस्थेत अडकलेल्या दोन स्त्रियांनी लढविला होता. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंगहक्क करारातील एकोणिसाव्या कलमाने समाजात राहण्याचा आणि कोठे व कोणासह राहावे हे निवडण्याचा हक्क मान्य केला. भारताने २००७ मध्ये त्या करारास अनुसमर्थन दिले आणि २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमात समाजजीवनाच्या हक्काचे स्वतंत्र कलम घातले. हाउंनी स्थापिलेल्या संस्थेचे वॉल्थम येथील दार २०१४ मध्ये कायमचे मिटले.

करारातील त्या कलमाचे दोन भाग पाडले, तर हाउंच्या चरित्राचे मोजमाप आपोआप होते. समाजात राहण्याचा हक्क त्यांनी दीडशे वर्षे आधी ओळखला, तो आपल्याच संस्थेच्या प्रतिष्ठेची पर्वा न करता उच्चारला, आणि एकदा चमचा हातात धरता आला की माणूस आणखी काय काय करू शकतो हे जगाला दाखविले. निवडण्याचा हक्क मात्र त्यांना आपल्या शिष्यांकडून शिकता आला असता. जोएल स्मिथने लिपी निवडली, लॉराने धर्म निवडला, आणि घर सोडून जेथे संभाषण होते ती जागा तिने पत्करली. हाउंनी त्यांना शिकविले नसते, तर ही निवड करण्याचे बळ त्यांच्यापाशी आले नसते. शिक्षकाच्या मर्यादा ओलांडून जाणारे शिष्य, हेच त्या शिक्षणाचे सर्वांत मोठे फळ होते.